खडूच्या तीन रेघा

तळवड्याचे चाचा या उन्हाळ्यात एका रविवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, त्यांच्या टूरिंग मोटारसायकलवरून अंबाजोगाईकडे निघाले. निघण्याआधी त्यांनी गॅरेजचं शटर ओढून दोन्ही बाजूंना कुलपं लावली. मी तिथे होतो. ते गॅरेज त्यानंतर उघडलेलं नाही.

लांबच्या प्रवासाला जाणारे मोटारसायकलवाले त्यांना "खडूवाले चाचा" म्हणत. त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम पांढरा खडू असे. नवी गाडी आली की ते इंजिनाकडे बघत नसत. गाडी मधल्या स्टँडवर उभी करत, मालकाला वर बसवत आणि डोळे मिटायला सांगत. "आता हात सोडा पुढं. हॅन्डल शोधू नका. जिथं पडत्याल तिथं पडू द्या." हात पडले ती जागा आणि हॅन्डल यांतलं अंतर ते टेपने मोजत, मग बसलेल्या माणसाच्या कडेने सीटवर एक रेघ मारत. ही सवय कंपनीतली. चाकणच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं जोडणीच्या लाइनवर होते. तिथे बोल्ट नीट आवळला की त्यावर रेघ मारायची पद्धत होती. "रेघ म्हंजी तपासलं," चाचा सांगत. "रेघ न्हाई तर काम झालं न्हाई."

मी वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून चाचा मला "पत्रकार" म्हणत. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो मनगटं दुखतात म्हणून. माझी गाडी स्पोर्ट-टूरिंग होती. टूरिंग आणि स्पोर्ट-टूरिंग यांत नेमका फरक काय, हे मी त्यांना विचारलं. माझ्या आधी माणहून आलेला एक आयटीतला तरुण तिथे बसला होता. त्याने मोबाइल काढून इंजिनाची ताकद आणि वजनाचे आकडे वाचायला सुरुवात केली. चाचांनी त्याला थांबवलं. "ते ठेव खिशात, भावा. टूरिंगवर मानूस लग्नाच्या पंगतीत बसल्यावानी बसतो. पाठ सरळ, पाय म्होरं. स्पोर्ट-टूरिंगवर सुटलेली यष्टी पकडायला निघाल्यावानी. वाकलेला, पाय मागं, समदा भार मनगटावर. घाटात मजा हाय, व्हय. पोचतात दोघंबी."

"मग फरक काय पडला?" तरुणाने विचारलं.

"पोचल्यावर जेवन कुनाला जातंय, त्यो."

त्यांचा दुसरा नियम मागे बसणाऱ्या माणसाबद्दल होता. कुणी बायकोला घेऊन लांब जाणार असेल तर तिला गॅरेजात आणल्याशिवाय ते गाडीला पाना लावत नसत. "मागच्याला म्होरं काय दिसत न्हाई. त्याला निस्तं बसायचं असतं. त्याची रेघ आदी." एक जण बायकोला वेळ नाही म्हणून तिची उंची आणि वजन चिठ्ठीवर लिहून घेऊन आला. चाचांनी ती चिठ्ठी सीटवर ठेवली आणि चिठ्ठीलाच विचारलं, "वैनी, दुखतंय का कुठं?" पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन आला.

चाचांची स्वतःची गाडी बारा वर्षं स्पोर्ट-टूरिंगच होती. एका दुपारी चाची डबा घेऊन आल्या होत्या. त्या अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातल्या. माहेरी आता फक्त थोरली बहीण उरली होती. मी सहज विचारलं, की चाचा तुम्हाला गाडीवरून माहेरी नेत असतील.

"नेलं होतं की एकदा," चाची म्हणाल्या. "मागची सीट ही एवढी, पाय पोटाशी. भिगवणपर्यंत गेले कशीबशी. तिथून एसटीनं गेले. परत काही बसले नाही."

चाचा जेवत होते. "तू तर म्हनली व्हतीस, वारा लागतोय."

"गुडघा सरळ होत नव्हता, ते काय रस्त्यात सांगू? जगाला खडू लावता. मला कधी लावलात?"

चाचा हसले नाहीत. डबा अर्धा ठेवून ते उठले आणि हात धुतले. महिन्याभरात त्यांची जुनी गाडी गेली आणि तिच्या जागी एक वापरलेली टूरिंग आली. बेत एकच होता. चाचीला एका दमात, कुठेही न दुखता, बहिणीच्या दारात उतरवायचं.

पावसाळा संपता संपता मागच्या सीटचं काम सुरू झालं. चाचींना बसवून पहिली रेघ मारली, त्या मापाने फोम कापला, पाठीला टेकू आणि पायांना रुंद पट्ट्या बसवल्या. दोघांची वजनं धरून मागच्या शॉकअपची स्प्रिंग आवळली आणि ते आकडे खडूने भिंतीवर लिहिले: पुढे ७८, मागे ६३. चाची बसल्या. "झ्याक आहे," म्हणाल्या. निघायचं दिवाळीच्या सुट्टीत ठरलं, कारण तेव्हा गॅरेजला काम कमी असे.

सुट्टीच्या आधी पुन्हा बसवून बघितलं तेव्हा चाची म्हणाल्या, "कडक लागतंय." चाचांनी सीट उघडली. फोम दबला, असं त्यांचं निदान. तक्रार असलेली गाडी गॅरेजातून बाहेर सोडायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या गाडीलाही लावला. बेत पुढे गेला. नवा, मऊ फोम आला. नवीन रेघ मारली ती जुन्या रेघेच्या बोटभर आत आली. "मागली चुकली व्हती," ते म्हणाले. सीटचं कापड काळं होतं. दोन्ही रेघा मला स्पष्ट दिसत होत्या.

जानेवारीत चाची तिसऱ्यांदा बसल्या. "आता हाडाला टोचतंय," म्हणाल्या. तिसरी रेघ दुसरीच्याही आत पडली. चाचांनी फोमवाल्याला फोन लावून झापलं, "राव, फोम देता का पुठ्ठा?" फोमवाल्याने मुकाट्याने तिसरा फोम पाठवला.

तो बसवल्यावर त्यांनी निघण्याआधीची शेवटची तपासणी केली. दोघं गाडीवर बसले की मागची बाजू किती खाली जाते, हे मोजायचं होतं. टेप मी धरला. गाडी जेवढी दबायला हवी होती तेवढी दबली नाही. चाचांना वाटलं शॉकअप अडकलाय. त्यांनी तो पूर्ण खोलला, पुसला, जोडला. पुन्हा मोजलं. माप तेच आलं. ते भिंतीवरच्या आकड्यांसमोर जाऊन उभे राहिले. "स्प्रिंग खोटं बोलत न्हाई," एवढंच म्हणाले.

शेजारी भंगाराचं गोदाम होतं, तिथे मोठा वजनकाटा होता. चाचा आधी स्वतः चढले. अठ्ठ्याहत्तर. मग त्यांनी चाचींचा हात धरला.

"मी काय भंगार आहे का?" चाची म्हणाल्या.

"चढ निस्ती."

काट्यावर एक्कावन्न आले. चाचांनी त्यांना उतरवलं, काटा रिकामा करून शून्यावर आणायला लावला आणि पुन्हा चढवलं. एक्कावन्न. त्यांनी विचारलं, "जेवतेस ना?" चाची म्हणाल्या, "जात नाही. दोन-तीन महिने झाले. तुम्ही सीटच्या नादात होता, म्हटलं होऊ द्या." त्याच दुपारी ते त्यांना चिंचवडला दवाखान्यात घेऊन गेले. रिक्षाने.

आजार पोटाचा होता आणि पसरलेला होता. दिवाळीत कळलं असतं तर काय झालं असतं, हे चाचांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. बहिणीला भेटायला न्यावं का, हेही विचारलं. प्रवास झेपणार नाही, असं उत्तर मिळालं. फोनवर दोघी बहिणी रोज बोलत. नऊ आठवड्यांनी, सोमवारी पहाटे, चाची वारल्या. बहिणीला वयामुळे येता आलं नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा चाचा गॅरेजात होते. मागची सीट मांडीवर होती. तिन्ही रेघा त्यांनी मला बोटाने दाखवल्या. "मागली चुकली, मागली चुकली, म्हनत व्हतो. रेघ बरुबर व्हती, पत्रकार. तिन्ही बरुबर व्हत्या." मग सीट त्यांनी गाडीला लावली. रेघा पुसल्या नाहीत.

चाचींचा चाळिसावा दिवस झाला, त्यानंतरच्या रविवारी ते निघाले. चाचींची एक शाल आणि बांगड्यांचा डबा बहिणीला पोचवायचा होता. दोन्ही वस्तू त्यांनी मागच्या सीटला न बांधता बाजूच्या पेटीत ठेवल्या. मग पाना घेऊन मागची स्प्रिंग भिंतीवरच्या आकड्याला आवळली, दोघांच्या वजनाला. एकट्याला गाडी कडक लागेल, असं मी म्हणालो.

"ठाव हाय," चाचा म्हणाले.

दुपारी पावणेतीनला त्यांच्या मुलीचा मला मेसेज आला. अब्बा मावशीच्या दारात पोहोचले आहेत. वाटेत एकदाच थांबले, भिगवणला.