फोटोताईची तालीम

इस्पितळात मारहाणीची केस आली की सगळे फोटोताईला हाक मारत. फुटलेले ओठ, सुजलेले डोळे, गळ्यावर उमटलेली बोटं यांचे फोटो काढायचे आणि कॅमेऱ्यानं दिलेली भलतीसलती नावं बदलून प्रत्येक फाइलला त्या बाईचा केस नंबर द्यायचा, हे तिचं काम. हातानं करायचं तर जन्म गेला असता, म्हणून तिनं त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली होती.

एकदा घाईत दोन बायकांच्या फोटोंना एकच नाव पडलं. दुसरीचे फोटो पहिलीच्या फोटोंवर चढून बसले, पहिलीचा पुरावा गेला आणि तिचा नवरा मिशीला पीळ देत सुटला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून फोटोताई आधी तालीम घ्यायची. तालमीत स्क्रिप्ट जुनं नाव आणि त्यापुढे नवं नाव पडद्यावर नुसतं दाखवायची, फाइलींना हात लावायची नाही. यादी नजरेखालून घातली की मगच खरा हुकूम.

एका दुपारी स्ट्रेचरवरून तिची भावजय आली. जबडा मोडलेला, कानामागची कातडी फाटलेली. फोटोताईनं दातओठ खात फोटो काढले. ते संगणकात उतरतात न उतरतात तोच धाकटा भाऊ खोलीत शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. मनगटावर बायकोचं रक्त तसंच वाळलं होतं. मेल्याला ते धुवायचीही लाज नव्हती.

"ताई, पुसून टाक सगळे," तो म्हणाला आणि त्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली.

ह्याला तिनं कडेवर वागवलं होतं. तिला रडू फुटलं, आणि त्याहून मोठा संताप आला. पुसले तर लगेच बोभाटा होईल, ती म्हणाली, त्यापेक्षा दुसऱ्याच केसचा नंबर टाकू, कुणाला सापडणार नाहीत. त्याला ते पटलं. तरी खात्रीसाठी त्यानं तिच्या डाव्या हाताचं बोट उलटं वाकवलं, कट्कन मोडेपर्यंत. उजव्या हातानं तिनं स्क्रिप्ट चालवली. जुन्या नावांपुढे नवी नावं झरझर उमटली. भावानं ती नीट वाचली, तिचा गाल थोपटला आणि तो निघून गेला.

ती तालीम होती. एकही फाइल जागची हलली नव्हती.

फोटोताईनं भावजयीचा नंबर घालून खरा हुकूम दिला. मग नर्सला बोलावून कॅमेरा तिच्या हातात ठेवला आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. फोटो झाल्यावर नर्सनं मारणाऱ्याचं नातं विचारलं.

"सख्खा भाऊ," ती म्हणाली. "माझा वेगळा केस नंबर घे."