मेलेल्यानं हलायचं न्हाय

गेल्या रविवारी माझ्या स्टेटसवर आप्पा मरून पडलेले दिसले आणि खाली मी हसणाऱ्या इमोजींची रांग लावली होती… ज्यांनी ज्यांनी ते बघितलं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बेळगावजवळ, काकती गावाच्या पुढं एका बंद पडलेल्या दगडखाणीत वेबसिरीजचं शूटिंग होतं. गोष्ट अशी की, परग्रहावरचे लोक पृथ्वीवरून वेगवेगळ्या काळातले सैनिक पळवून नेतात आणि त्यांना एकमेकांशी लढायला लावतात. बिचाऱ्यांना वाटतं आपण आपल्याच मुलखासाठी लढतोय… आणि ते परग्रहवाले काचेच्या खोलीत बसून स्क्रीनवर सगळी मजा बघत असतात.

कॉलेजची पोरं बंदूक केरसुणीसारखी धरतात, म्हणून त्यांना रिटायर फौजी हवे होते. आमच्या सांबरा गावात फौजींना काय तोटा… माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं नाव मीच दिलं. 'ह्या वयात कसली सोंगं' असं आधी म्हणाले खरे, पण आदल्या दिवशी गुपचूप मिशीला कलप लावून बसले होते.

सोबत परसूअण्णा. आप्पांचे पलटणीतले दोस्त, रिटायर हवालदार. माणूस चांगला, पण डोक्यात अजून फौजच. लग्नाला नेलं तरी निघताना जीपमधली माणसं मोजणार… खरं सांगते, मला त्यांचा लई वैताग यायचा.

आप्पांना शुगर आहे. सकाळी त्यांनी घरी इन्सुलिन घेतलं आणि 'सेटवर पोहे खातो' म्हणाले. पोहे आले तेव्हा त्यांचा मेकअप चालू होता, मग ते राहूनच गेलं. बिस्किटचा पुडा माझ्या पर्समध्ये होता… आणि पर्स माझ्या मांडीवर.

मला डायरेक्टरच्या मॉनिटरजवळ, तंबूत, कूलरसमोर खुर्ची मिळाली होती. आप्पा भर उन्हात, ब्रिटिश काळातल्या शिपायाचा जाड खाकी कोट घालून. त्यांनी गोळी लागून पडायचं आणि पडूनच राहायचं, एवढंच काम.

एक टेक झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला कुणीतरी मेलेला माणूस खोकला. डायरेक्टर चिडले. कट म्हणेपर्यंत मेलेल्यांनी बोटसुद्धा हलवायचं नाही, असं माईकवरून बजावलं.

चौथ्या टेकला मी मोबाईल झूम करून व्हिडिओ घेत होते, आणि आप्पा असे काही पडले की मोबाईल धरल्या हातावरच मी हळूच टाळी वाजवली. 'आप्पा गेले हो' असं लिहून व्हिडिओ लगेच स्टेटसला टाकला. मग कट झालं, लंच ब्रेक झाला आणि सगळे मांडवाकडं पळाले.

मांडवाच्या तोंडाशी परसूअण्णा आडवे उभे. "गिनती झाल्याबिगर कुणी ताटाला हात लावायचा न्हाय." बाकीचे फौजी हसले, पण रांगेत उभे राहिले. बत्तीस व्हायला हवे होते, एकतीस झाले. पुन्हा मोजले. एकतीसच. रांगेत आप्पा नव्हते.

मला राग आला. म्हटलं, "अण्णा, हे शूटिंग हाय, लढाई न्हाय. आप्पा हातबित धुवायला गेले असतील."

"सकाळी बत्तीस गडी आत गेलते. बत्तीसच भाईर आलं पायजेत." एवढंच बोलले आणि उलटे खाणीकडं चालू लागले.

मी मागोमाग गेले. मोकळ्या मैदानात एक मेलेला सैनिक अजून पडलेला होता. आणि मी काय केलं… 'अजून ॲक्टिंग संपली नाही वाटतं' म्हणत पुन्हा मोबाईल वर केला. हे लिहिताना माझीच मला शरम वाटतेय.

परसूअण्णा आधी चालत होते, मग पळाले. गुडघ्यावर बसले आणि "साखर आणा रं" म्हणून ओरडले. कोट घामानं पिळून काढावा इतका भिजलेला, डोळे अर्धवट उघडे, आणि आप्पा माझ्याकडं बघूनही मला ओळखत नव्हते.

चहावाल्यानं साखरेचा डबा पळत आणून दिला. अण्णांनी आप्पांना कुशीवर वळवलं आणि बोटानं थोडी थोडी साखर गालाच्या आत लावत राहिले. आप्पांनी आवंढा गिळला तेव्हा कुठं मी श्वास घेतला. मग प्रॉडक्शनच्या गाडीतून थेट बेळगावला, दवाखान्यात.

डॉक्टर म्हणाले, शुगर फार खाली गेली होती, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. बाहेर बाकड्यावर बसले तर मोबाईल वाजला. निपाणीच्या मावशीचा मेसेज… 'अगं काय ॲक्टिंग, अगदी खरं वाटतंय.'

मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला. पडल्यावर आप्पांचा हात एकदा थोडासा उचलला जातो आणि आपोआप खाली येतो. मी टाळी वाजवली होती, ती नेमकी तिथं ऐकू येते… ती ॲक्टिंग नव्हती. त्या गोष्टीतल्या काचेच्या खोलीत दिवसभर मीच बसले होते, आणि मला कळलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आप्पा उठून बसले. मी रडत रडतच त्यांच्यावर चिडले, चक्कर येत होती तर हाक का नाही मारली म्हणून. आप्पा शांतपणे म्हणाले, "आलती की चक्कर. पन मेलेल्यानं हलायचं न्हाय, असा हुकूम होता न्हवं का."

स्टेटस डिलीट केलंय. परसूअण्णांचे पाय धरले, तर त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या त्या मोजण्याला मी इतकी वर्षं नाकं मुरडली… आज त्याच मोजण्यामुळं मला वडील आहेत.

अण्णा सकाळपासून उपाशीच होते. जाताना वॉर्डाच्या दारात थांबले, पलंगावरच्या आप्पांकडं बघून हळूच म्हणाले, "बत्तीस." आणि मग माझ्याकडं वळून, "चल पोरी, आता जेवाय हरकत न्हाय."