पेज पाण्यात धरली नव्हती

शहापूरच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी नर्स होते. आमच्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. डायलिसिसवरचे कुठले रुग्ण जास्त जगतात, कुठले लवकर जातात, आणि का. माहिती भरायचं काम माझ्याकडे आलं. मशीन लावण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, डायलिसिसच्या चुकलेल्या पाळ्या, आणि शेवटी शेरा.

खर्डीच्या पुढच्या एका पाड्यातून एक काका यायचे. साठीला आलेले, भातशेती करणारे, मोजकं बोलणारे. दोन पाळ्यांच्या मधे त्यांचं वजन चार-पाच किलोंनी वाढलेलं असायचं. लघवी बंद झालेल्या माणसाचं असं वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. ते चार तासांत ओढून काढताना त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, रक्तदाब खाली जायचा. असं वारंवार झालं की हृदय थकतं. डॉक्टरांना हाच धोका तपासायचा होता.

"काका, पाणी कमी प्या म्हणून किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"पाणी मी पीतच नाय, ताई. गोळीपुरता घोट घेतो."

मी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. शेऱ्यात मी लिहिलं, 'सूचना पाळत नाही. खोटं सांगतो.'

भादव्यात त्यांच्या दोन पाळ्या चुकल्या. फोन लागेना. डॉक्टर म्हणाले, जाऊन बघून या. खर्डीहून रिक्षा केली, शेवटचा रस्ता चालत गेले. काका ओट्यावर बसले होते. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. त्यांना दर वेळी घेऊन येणाऱ्या मावशी, म्हणजे त्यांची बायको, तापाने पडल्या होत्या. म्हणून येणं झालं नव्हतं.

मला बघून मावशी उठल्या. त्यांनी एक वाडगा माझ्यापुढे ठेवला, एक काकांपुढे. भाताची पातळ, गरम पेज.

"हे रोज घेतात?" मी विचारलं.

"दुपारी नि सांजला," मावशी म्हणाल्या. "तुमी पाणी बंद केलं ना, तवापासून. तोंड सुकतं त्यांचं. कोरडा घास उतरत नाय."

"मावशी, पेजेतपण पाणीच असतं."

"पेज तर जेवण हाय, ताई."

काकांनी हातातला वाडगा हळूच खाली ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना. इतके महिने हा माणूस तहान मारत होता, आणि मी त्याला खोटारडा लिहून मोकळी झाले होते.

तीच रिक्षा रस्त्यावर थांबवून ठेवली होती. पाड्यातल्या दोघांनी काकांना तिथवर उचलून आणलं. काकांना घेऊन शहापूरला आले. चार तास मी त्यांच्या खाटेपासून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेरा खोडला आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपण पाण्याचं विचारत होतो. ओल्या खाण्याचं विचारलंच नाही."

त्यानंतर आम्ही प्रत्येकाला पेज, ताक, चहा, रस्सा, सगळं वेगवेगळं विचारू लागलो. मुरबाडकडून येणाऱ्या एक बाई नाचणीची आंबील पाण्यात धरत नव्हत्या, तेही तेव्हाच कळलं. मावशींनी भात निथळून वाढायला सुरुवात केली. काकांची वजनवाढ दोन-अडीच किलोंवर आली, गोळे कमी झाले.

एकदा मशीनवर असताना त्यांनी विचारलं, "ताई, त्या अभ्यासाच्या कागदात माजं काय निघालं? किती दिस?"

"कागद पुष्कळ जणांचं मिळून सांगतो, काका. एकट्याचं नाही सांगता येत त्याला."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक हाय."

त्यांनी आणखी दोन वर्षं भात लावला, म्हणजे बांधावर बसून लावून घेतला. मग एका सकाळी घरीच, चहा व्हायच्या आधी, त्यांचं हृदय थांबलं. इतकी वर्षं डायलिसिसवर काढलेल्या माणसाच्या बाबतीत हे होऊ शकतं, हे मला ठाऊक होतं. तरी फॉर्मवर तारीख लिहायला दोन दिवस लागले.

दिवसकार्य आटोपल्यावर मावशी उरलेली औषधं द्यायला आल्या. बाकावर बसून म्हणाल्या, "ते गेले. आता तुमचा अभ्यास आडला का?"

"नाही, मावशी. त्यांचं सगळं त्यात आहे."

"मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि मी आणलेला चहा दोघींनी सावकाश घेतला.