खाचा आणि ओंडके

तिला सगळे ‘कानस’ म्हणायचे. डोंगरावरच्या लाकूडतोडीच्या तळावर करवतींना धार लावायचं काम तिचं. वय एकोणीस. मुकादम तिचा सख्खा मामा, म्हणून कामात सूट मिळेल असं कुणाला वाटलं असेल, तर त्याने मामाला ओळखलंच नव्हतं.

हिवाळ्याच्या तोंडावर तळ उठला, तेव्हा ती मागच्या शेडमध्ये शेवटची करवत घासत होती. मामाला वाटलं, पोरगी स्वयंपाक्याच्या गाडीत आहे. स्वयंपाक्याला वाटलं, मामाच्या. ती बाहेर आली तेव्हा गाड्यांची चाकोरीसुद्धा बर्फाने झाकत आणली होती. दुसऱ्या दिवशी ती उतारावर चालून गेली, कमरेइतक्या बर्फात रुतली आणि मुकाट्याने परत फिरली.

तळ दरवर्षी साधारण एकशेवीस दिवसांनी पुन्हा उघडायचा. तिने राहत्या खोलीला लागूनच असलेल्या शेडमधले जळणाचे ओंडके मोजले: वीस-वीसचे तीस थर. म्हणजे दिवसाला पाच. पीठही तसंच वाटून घेतलं. रोज पाच ओंडके फोडायचे, चुलीशेजारी रचायचे, ते संपल्याशिवाय सहाव्याला हात लावायचा नाही. झोपून उठलं की दाराच्या चौकटीवर कुऱ्हाडीने एक खाच.

मध्ये एकदा ताप आला. माणसांनी मागे ठेवलेली सगळी घोंगडी अंगावर ओढून ती पडली. उठली तेव्हा चूल थंडगार होती, आणि उशाशी भरून ठेवलेली बादली रिकामी. एका रात्रीत एवढं पाणी कोण प्यायलं, हे तिला कळेना. तिने एक खाच मारली आणि कामाला लागली.

पुढे वादळं आली. खिडकी बर्फाखाली गेली. आत दिवस-रात्र सारखीच. झोपावं, उठावं, खाच मारावी.

मग एकदा सहज तिने खाचा मोजल्या. सत्तर. ओंडके मोजले. पंधरा थर संपले होते आणि सोळाव्यातले पाच. म्हणजे एकसष्ट दिवस.

तिने पुन्हा मोजलं. तेच. मधले नऊ दिवस आले कुठून? नऊ दिवस ती चूल न पेटवता बसली होती का? आठवेना. आपण वेड्या झालो का, हेही तिने स्वतःला विचारून पाहिलं, पण उत्तर देणारी तीच.

प्रश्न पिठाचा होता; ते उठल्यागणिक, म्हणजे खाचांच्या हिशेबाने, संपत आलं होतं. खाचा खऱ्या मानल्या तर पन्नास दिवस काढायचे, पोटभर भाकरी. ओंडके खरे मानले तर एकोणसाठ, आणि प्रत्येक भाकरीतून साधारण सहावा हिस्सा कमी. भूक अर्थातच खाचांच्या बाजूने होती.

ती दिवसभर चौकटीसमोर बसली. शेवटी कुऱ्हाडीने घट्टे पडलेले तळहात पाहिले. खाच अर्धवट झोपेतही मारता येते. ओंडका झोपेत फुटत नाही.

तिने भाकरी लहान केली. खाचा मारणं बंद केलं.

एकशेअठराव्या दिवशी, म्हणजे ओंडक्यांच्या हिशेबाने, बाहेर फावड्यांचा आवाज आला. दार मोकळं झालं. मामा आत आला आणि तिच्याकडे पाहून त्याने हातातलं फावडं टाकलं. खिंडीत दरड कोसळली होती, तीनदा येऊन परत गेलो, असं तो सांगत राहिला. मागून आलेला स्वयंपाकी डोळे पुसत म्हणाला, की त्या दिवशी मुकादमाने गाडीत नुसतं डोकावलं असतं तरी भागलं असतं. मामाने त्याला तू का नाही डोकावलास ते विचारलं. चार महिने हाच वाद चालू होता म्हणे.

“दोन दिवस आधी आलात,” ती म्हणाली.

“आधी? चार दिवस उशीर झालाय गं. आज एकशेचोविसावा.”

तिने चौकटीकडे पाहिलं, मग शेडकडे. सहा दिवस. तिला तापातली ती रिकामी बादली आठवली.

“मामा, मग मी तापात सहा दिवस पडून होते,” ती म्हणाली, आणि खाचा-ओंडक्यांचा सगळा हिशेब तिने सांगितला.

स्वयंपाक्याने पिठाचं पोतं उचलून झटकलं. तळाशी दोन दिवसांचं पीठ निघालं.

“मग या नऊ खाचा कसल्या जास्तीच्या?” मामाने विचारलं.

“ते मलाही माहीत नाही,” ती म्हणाली आणि कुऱ्हाड घेऊन उठली. आजचे पाच फोडायचे राहिले होते.