नौपाड्यातली मनीषा आणि इंटरनेटवरची स्वप्ना

माझं लग्न ठरलं आणि पुढचे काही आठवडे मी बाई होतो.

(फक्त इंटरनेटवर. घाबरू नका.)

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी डोंबिवलीचा, मनीषा ठाण्याची, नौपाड्यातली. साखरपुड्यानंतर आम्ही तलावपाळीवर फिरायला गेलेलो. पाण्यात दिव्यांचे पट्टे हलत होते, ती गप्प होती आणि मी तिच्या शेजारून नुसता तरंगत होतो. घरी आल्यावर मात्र धसका बसला. हिला मी आवडतो तरी का?

विचारणार कुणाला? मित्रांना विचारलं तर चेष्टा. वडिलांना असलं काही विचारायची आमच्याकडे पद्धतच नव्हती! शेवटी ऑफिसातून येताना स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत शिरलो. मोडेम लांबच्या एखाद्या ताऱ्याला हाका मारल्यासारखा किंचाळला आणि निळसर पडद्यावर सल्ले देणारी एक चॅटरूम उघडली. स्वतःच्या नावाने प्रश्न टाकला. दोन उत्तरं आली. एक, ‘मर्द बन!’ दुसरं, ‘जुनी स्कूटर घेणार का?’

मग मी ‘स्वप्ना’ झालो. ‘माझा होणारा नवरा फार गप्प असतो हो...’

अहाहा! काय ती माया! नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतच्या बायका धावून आल्या. ‘स्वप्नाताई, रडू नका.’ ‘फोन अजिबात करू नकोस गं, त्यालाच करू दे!’ ‘जरा लाजत जा.’ मी ढगांवरून चालत घरी जायचो. सल्ले मात्र तंतोतंत पाळले. तिला फोन करणं बंद. तिचाच आला, तर लाजून रिसीव्हर आईच्या हातात!

तिकडे मनीषालाही प्रश्न पडला. पण तिने सरळ आईला विचारलं. मग मावशीला, ऑफिसातल्या मैत्रिणींना, शेजारच्या काकूंना... अर्ध्या नौपाड्याशी चर्चा आटोपून रविवारी मनीषा, तिची आई आणि मावशी आमच्या दारात हजर!

“मोडायचं असेल तर आत्ताच सांगा,” तिची आई म्हणाली. पोह्यांना कुणी हात लावेना.

“अरे, बोल ना काहीतरी!” माझी आई ओरडली.

मी गडबडलो. “हे सगळं त्या स्वप्नामुळे झालं!”

मनीषाचा चेहरा पांढराफटक पडला.

“स्वप्ना कोण?” माझ्या आईने विचारलं.

“मीच.”

मावशी सोफ्यावर हळूच सरकली. (दाराच्या बाजूला.)

मग सगळं सांगावंच लागलं. आईने कपाळाला हात लावला. मनीषाने आधी ओठ दाबले, मग तोंडावर ओढणी धरली आणि शेवटी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसतच मला गॅलरीत घेऊन गेली. समोरच्या गच्च्यांवर पिवळं ऊन रेंगाळत होतं.

“जगभरच्या बायकांना विचारलंस, मग मलाच का नाही रे विचारलं?”

“तू गप्प होतीस ना!”

“अरे, इतकं छान वाटत होतं की बोलावंसंच वाटेना!” ती कठड्याला टेकली. “आता हात धर माझा. का आधी कुणाला तरी विचारून येतोस?”

“छे छे, आता तुलाच विचारणार,” मी म्हणालो. “डावा धरू की उजवा?”