बिनधारेची तलवार

आरमारात डॉक्टरलाही तलवार मिळे. सोनेरी मूठ, पात्यावर कोरलेला जहाजाचा नांगर, आणि धार मुळीच नाही. काकडीसुद्धा कापली नसती. पण महायुद्ध संपल्यावर जव्हार संस्थानच्या दवाखान्यात रुजू झालो, तेव्हा दसऱ्याच्या दरबारात माझ्याइतका रुबाब कुणाचा नव्हता, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

त्या दरबारातून बाहेर पडलो, तर मोखाड्याकडचा एक शेतकरी उभा. बायको बाळंत होऊन तिसरा दिवस आणि अंगात सडकून ताप. कपडे न बदलताच घोड्यावर बसलो.

झोपडीत बाळंतिणीच्या उशाला गंजका विळा होता. तो मी तिरीमिरीत बाहेरच्या दाट झाडीत भिरकावला आणि तिथेच चुकलो. बाईने किंकाळी फोडली, मग तोंड घट्ट मिटलं. पाचवीची पूजा होईपर्यंत उशाला लोखंड हवंच, नाहीतर बाळ दगावतं, अशी त्यांची समजूत.

म्हातारी सुईण आडवी आली. "लोखांड नाय, तं दवा नाय."

वाद घालायला मला फार आवडतं, पण बाई हातची चालली होती. तलवार उपसून उशाला ठेवली. सुईणीने पात्यावर अंगठा फिरवला.

"डागदर, ही तं बोथट हाय."

"आम्हाला अशीच देतात."

"असू दे. लोखांड तं हाय."

बाईने तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासाठी परतावं लागलं. ताप पुरता उतरला नव्हता. रिकामं म्यान बघून दरबारी मंडळींनी विचारलं, "डॉक्टर, तलवार हरवली की काय?"

"कामावर आहे," मी म्हणालो. पाड्यावर दोनदा सांगावा धाडला, उत्तर आलं नाही. आतून मी धास्तावलो होतो.

दिवाळी सरल्यावर एका सकाळी तो शेतकरी फडक्यात गुंडाळलेली तलवार घेऊन आला. उघडली, तर पातं लखलखतंय आणि नांगर पार पुसला गेलाय! मागून आणलेलं हत्यार बोथट परत करायचं नाही, ही त्यांची रीत. गड्याने आठ दिवस दगडावर घासून धार लावली होती. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"आता कापंल," तो कौतुकाने म्हणाला.

शिवी अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात त्याच्या मागून बायको पुढे झाली आणि तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"छान लावलीस रे धार," मी म्हणालो. डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.