वाणातला बूट

महापेच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिथे आग लागली तर काय करायचं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे. कोणी कुठल्या जिन्याने उतरायचं, मेन स्विच कोणी बंद करायचा, खाली मैदानात डोकी कोणी मोजायची. आग अजून लागलेली नाही. सराव मात्र नियमित होतो, आणि दर वेळी कोणीतरी जेवणाचा डबा आणायला परत आत शिरतं. त्यामुळे ऐरोलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका बाईचा जीव वाचवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ती नवरा आणि शाळकरी मुलीसोबत तिसऱ्या मजल्यावर राहायची, बरोबर माझ्या डोक्यावर. तिचा नवरा अख्ख्या बिल्डिंगचा लाडका. म्हाताऱ्यांच्या भाजीच्या पिशव्या जिना चढून पोचवणारा, गणपतीत आरतीला सगळ्यांच्या वर आवाज लावणारा, बायकांशी बोलताना नजर जमिनीवरून न उचलणारा. घरात तो तिला मारायचा. हे आम्हाला उशिरा कळलं, कारण मारताना तो टीव्हीवर भजनं लावायचा. आवाज वाढला की आम्ही खाली म्हणायचो, काय पण भाविक माणूस आहे.

मग एकदा जिन्यात तिच्या गळ्यावर वळ दिसले. माझ्या समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण सोबत होती. ती बँकेत आहे, मूळची परभणीकडची, तोंडाने फटकळ. तिने सरळ विचारलं, "हे काय गं?"

"मंगळसूत्राची अ‍ॅलर्जी आहे, ताई."

"मंगळसूत्राला बोटं फुटली का तुझ्या?"

तेव्हा ती बोलली. आम्ही दोघी तिला महिला मदत केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी फार प्रस्तावना केली नाही. म्हणाल्या, जो गळा धरतो तो एखाद दिवशी सोडणार नाही, तेव्हा सुधारेल म्हणून वाट बघू नका. आणि ही घर सोडतेय हे त्याला कळेल, तो दिवस सगळ्यात धोक्याचा.

"म्हणजे जाऊ नको?" तिने विचारलं.

"जायचंच. त्याला कळायच्या आत."

जायची तयारी होईपर्यंत तिला जिवंत ठेवणं आमच्याकडे आलं. मी एक इशारा ठरवला: 'विरजण'. तिने फोनवर, बायकांच्या ग्रुपवर किंवा खिडकीतून विरजण मागितलं, की घरी असतील तेवढ्या बायकांनी तिच्या दारात जायचं, काहीबाही मागत बसायचं आणि हलायचं नाही. शेजारणीने पोलिसांना फोन करायचा. रोजचा साधा शब्द, कोणाला संशय येणार नाही, असा माझा हिशोब होता.

रोजचा शब्द लोक रोज वापरतात, हे त्या हिशोबात नव्हतं. पहिल्या मजल्यावर नवी भाडेकरीण आली होती. तिने ग्रुपवर लिहिलं, 'कोणाकडे विरजण आहे का?' मेसेज कोणाचा हे बघायला कोणी थांबलं नाही. तिसऱ्या मजल्यावर सगळं शांत दिसलं, मग फोन नीट पाहून, हिलाही नवरा मारत असणार असं धरून आम्ही पहिल्यावर धावलो. एकीच्या हातात लाटणं होतं. भाडेकरणीच्या नवऱ्याने टॉवेलवरच दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी मेन्टेनन्स भरलाय हो." ते घर तेव्हापासून दही विकत आणतं.

खऱ्या वेळाही आल्या. भजनं चढायची, मेसेज यायचा, आम्ही वर. तो दार उघडायचा, केस नीट करत, घाम पुसत, हसतमुख. आत जाऊन स्वतः वाटीत विरजण घेऊन यायचा. बाकीच्यांना कढीपत्ता, लिंबू, जे मागतील ते. आम्ही दारात उभ्या राहून सुनांच्या तक्रारी करायचो, भजन बंद होईपर्यंत. या बिल्डिंगमधल्या एकाही बाईला दही लावता येत नाही असा त्याचा पक्का समज झाला. एकदा जिन्यात मला म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, तुमचं दूध गरम राहत असेल. बोट बुडवून बघायचं."

पोलीस एकदा आले. तिने दारातून, त्याच्या देखत, काही नाही म्हणून सांगितलं. त्याने त्यांना सरबत दिलं.

जायची अडचण वेगळीच होती. ती बाहेर पडताना तो तिची पर्स उघडून बघायचा. मुलीचा जन्मदाखला, तिची स्वतःची सर्टिफिकेटं, दोघींचे कपडे, मुलीच्या शाळेच्या वस्तू, यातलं काही घराबाहेर काढता येत नव्हतं. यावर तोडगा काढला बँकेतल्या शेजारणीने.

"संक्रांत आलीये. हिच्या घरी हळदीकुंकू ठेवा. तुमच्या बायका पिशव्या भरभरून घेऊन जातात की नाही वाण म्हणून? कोण विचारतं आत काय आहे?"

"तू येशील?" मी विचारलं. "तुमच्यात हळदीकुंकू नसतं ना?"

"कुंकू नाही लावून घेणार. वाण न्यायला माझी काय हरकत असणार?"

नवऱ्याला कल्पना फार आवडली. चार लोकांत मिरवायचं असेल तर तो कधी मागे नसे. वाणाला प्लास्टिकचे झाकणवाले डबे त्यानेच आणले. आता नुसता डबा आणि तिच्या सामानाने भरलेला डबा ओळखायचा कसा? भरलेल्या डब्यांच्या पिशव्यांना लाल दोरी बांधायची, रिकाम्यांच्या पिशव्यांना हिरवी, असं मी ठरवलं. लाल फक्त आम्ही उचलायच्या. ती निघणार कशी, तेही ठरलं. तळमजल्यावर एक कोकणातल्या काकू राहतात, त्यांचे गुडघे गेलेले. कित्येक वर्षांत त्या एक जिना चढलेल्या नाहीत. सगळ्यांचं झालं की ही म्हणणार, "काकूंना वर येता येत नाही, खाली जाऊन कुंकू लावून येते," आणि मुलीला घेऊन उतरणार. शेजारणीचा भाऊ उरणला कंटेनरच्या कामात आहे, तो गेटबाहेर गाडी लावून थांबणार. समुपदेशक बाई माझी नणंद म्हणून येणार. पोलीस ठाण्यातही आधी सांगून ठेवलं होतं.

काळ्या साड्या नेसून आम्ही वर गेलो. तो दारातच उभा होता, कुर्ता घालून, पिशव्यांच्या ढिगाशेजारी. "या ताई, या वहिनी. तिळगूळ घ्या, गोड बोला." माझ्या नणंदेला त्याने वाकून नमस्कार केला आणि "माहेर कुठलं तुमचं?" म्हणून चौकशीही केली. बिचाऱ्या बाईंनी सांगली म्हटलं, मी त्याच वेळी नाशिक. त्याला दोन्ही गावं आवडत होती.

ती कुंकू लावत फिरत होती. लक्ष दारातल्या नवऱ्याकडे होतं, त्यामुळे सगळ्यांची कुंकवं भुवईपर्यंत ओघळलेली. शेजारणीने लाल दोरीची पिशवी उचलली, मी उचलली. सगळं माझ्या ड्रिलसारखं सरळ चाललं होतं.

आणि दारात काकू आल्या. निम्म्या पायऱ्या बसून चढल्या होत्या म्हणे.

"डबे देतायत असं कळलं," धापा टाकत त्या म्हणाल्या. "झाकणाचे. मग मी काय खाली बसून राहू होय गो?"

आमची खाली जायची सबब हळदीकुंकवाला स्वतःच्या पायांनी चालत आली होती. वर त्याने प्रेमाने काय करावं? ढिगात हात घालून दोन पिशव्यांचं वजन पाहिलं, "काकू एवढ्या चढून आल्यात, त्यांना भारीतली" म्हणाला, आणि लाल दोरीची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या कोणी ती घरी नेऊन उघडली असती. काकू वाण जागेवरच तपासतात. त्यांनी दोरी सोडली, झाकण काढलं आणि आतून शाळेचा काळा बूट बाहेर काढला.

"हे कसलं गो वाण?" बूट सगळ्यांना दिसेल असा धरून त्यांनी विचारलं. "आणि एकच? दुसरा पाय कुणाला दिलात?"

दुसरा पाय माझ्या पिशवीत होता.

त्याने बूट पाहिला. मग लाल दोरी. मग शेजारणीच्या हातातली लाल दोरी, मग माझ्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त नजर पहिल्यांदा जमिनीवरून वर आली. "बराच उशीर झाला," तो मऊ आवाजात म्हणाला. "आता निघा सगळ्याजणी. हिला बरं वाटत नाहीये." आणि त्याने टीव्हीचा रिमोट उचलला. भजन सुरू झालं.

बायका सवयीने उठल्या. यजमानाने निघा म्हटल्यावर आपण उठतो. चपला शोधायला सुरुवातही झाली.

तेवढ्यात ती म्हणाली, कोणाकडेही न बघता, "जाताना कोणीतरी विरजण द्याल का?"

उठलेल्या सगळ्या खाली बसल्या.

"फ्रीजमध्ये आहे की विरजण," तो म्हणाला.

शेजारणीने एका हाताने फोन लावला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारली. "भाऊ, असं कसं! तुमचा उखाणा राहिला. त्याशिवाय आम्ही उठत नाही."

"उखाणा! भाऊंचा उखाणा!" पहिल्या मजल्यावरची भाडेकरीण ओरडली, आणि मग सगळ्याच ओरडल्या. दोघी सरकून त्याच्यापुढे येऊन बसल्या, दोघी मागे. एवढ्या बायकांसमोर वाईट वागणं त्याला जमत नव्हतं. लोकांतलं चांगलं नाव हीच त्याची सगळी मालमत्ता होती. रिमोट हातात घेऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "तिळगुळाची वाटी, वाटीला आलाय काठ..."

"हा जुना! नवा घ्या!"

मी काकूंच्या काखेत हात घातला. "काकू, चला, तुम्हाला खाली सोडतो." दुसरी काख तिने धरली. मुलगी समुपदेशक बाईंच्या हाताला.

"ही कुठे चालली?" तो म्हणाला.

"काकू एकट्या उतरतील का, भाऊ? तुम्ही यमक जुळवा."

काकूंचे गुडघे उतरताना चढण्यापेक्षा वाईट. त्या प्रत्येक पायरीवर बसल्या. वरून "आकाशात चंद्र, चंद्राला..." असं ऐकू येत होतं, त्यावर बायकांचा गलका, परत पहिल्यापासून. "काकू, जरा लवकर." "गुडघा माझा आहे गो." बूट त्यांनी काखोटीला मारला होता, पिशवी छातीशी. मी म्हटलं, पिशवी माझ्याकडे द्या. त्या म्हणाल्या, वाण कोणी परत देतं का? त्या डब्यात मुलीचा जन्मदाखला होता. आम्ही तळमजल्यावर पोचलो तेव्हा वर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने नाव घेतलं होतं. मग त्याच्या धावण्याचा आवाज आला.

ओढाताणीला वेळ नव्हता. मी काकूंना वाणासकट गाडीत बसवलं, ती आणि मुलगी आत, बाई पुढे, माझी पिशवी खिडकीतून. गाडी गेली.

तो गेटपाशी आला. "ती कुठे आहे?"

"काकूंना घरी सोडायला गेली."

"काकू तळमजल्यावर राहतात!"

"हो ना," मी म्हटलं.

त्याने हात उगारला. मागे जिन्यात काळ्या साड्यांची रांग लागलेली पाहून तो खाली घेतला. पोलिसांची गाडी वळणावर दिसली तेव्हा तो त्यांच्यासाठी तिळगूळ आणायला वर निघाला होता. या वेळी मात्र तक्रार द्यायला ती त्याच्या देखत उभी नव्हती. तिने ती दुसऱ्या ठिकाणाहून, बाईंच्या शेजारी बसून, पूर्ण दिली.

काकूंना बाई रात्री रिक्षाने परत घेऊन आल्या. कागद आणि बूट काकूंनी काढून दिले होते, डबा नाही. "मला वाटलं कुठल्यातरी देवाला नेतायत," एवढंच त्या म्हणाल्या.

आमच्या ग्रुपवर विरजण हा शब्द आता कोणी लिहीत नाही. लागलं तर 'दह्याचं ते' लिहितात.

ती कुठे आहे ते इथे लिहिणार नाही. मध्यंतरी सकाळी तिचा फोन आला. मी भाकरी थापत होते. "ताई," ती म्हणाली, "विरजण..."

गॅस तसाच सोडून मी पिठाच्या हातांनी दारापर्यंत पोचलेही होते. तिचं घर आता कितीतरी लांब आहे, हे कडी काढल्यावर आठवलं.

"अहो नाही, ऐका तरी. काल इथल्या शेजारणीकडे विरजण मागायला गेले. तिने चमचाभर वाटीत घातलं आणि दार लावून घेतलं. बस्स. कोणी धावत आलं नाही. मी तशीच उभी राहिले तिथे, वाटी घेऊन."

आता ती रडणार असं वाटलं. मला भाकरी करायच्या होत्या.

"दही लागलं का?" मी विचारलं.

"लागलं. जरा आंबट झालंय."

"दूध गरम राहिलं असेल," मी म्हटलं, आणि मग दोघीही इतक्या हसलो की तव्यावरची भाकरी गेली.